पाण्यातून परत आलेला मिक्सर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात पाच दिवस उभं होतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं घर गावभागात. वर माडी आहे, पण स्वयंपाकघर खाली. २००५ चा पूर आमच्या उंबऱ्याला लागून परत गेला होता, म्हणून या वेळीही तिथवरच येईल असं धरून आम्ही धान्य, कपडे आणि कागदपत्रं तेवढी माडीवर नेली. मिक्सर, इंडक्शन, फ्रीज जिथल्या तिथे ठेवून सासूबाईंना घेऊन विश्रामबागेत नणंदेकडे गेलो. पाणी ओट्याच्याही वर दोन वीत चढलं.

परत आलो तेव्हा दार आतून अडलं होतं. फ्रीज पाण्यावर तरंगत दारापाशी आला होता आणि पाणी उतरल्यावर तिथेच उताणा पडला होता. फ्रीज तरंगतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. पण भिंतींत फोम भरलेली ती बंद पेटी, तरंगणारच. भांड्यांवर, डब्यांवर, देवळीत सगळीकडे बोटभर गाळ. आणि तो वास. तो वास ज्यांनी घेतला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळायचा नाही.

गल्लीतल्या प्रत्येक दारासमोर गाद्या, फ्रीज, धुण्याची यंत्रं यांचे ढीग लागले होते. ट्रॅक्टर येत होते आणि भरून नेत होते. मुलगा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "आई, प्लगचं जे जे आहे ते सगळं टाकून दे. नवीन घेऊ." मी फ्रीज जाऊ दिला. मिक्सर आणि इंडक्शन मात्र गोणपाटात गुंडाळून मिरज रस्त्यावरच्या, जळालेल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या वायंडिंगवाल्याकडे नेले.

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. मोटारीचं तत्त्व फळ्यावर किती वेळा काढलं असेल, त्याला गणती नाही. पण मोटार मेली की जिवंत कशी करतात ते त्या आठवड्यात पाहिलं. दुकानाबाहेर पुरात बुडालेल्या शेतीपंपांची रांग लागली होती. मला वाटलं, एवढ्या गर्दीत माझ्या मिक्सरकडे कोण बघणार. पण वायंडिंगवाल्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मिक्सर उलटा केला. मिक्सर १९८८ चा, माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या पगारातून घेतलेला. बुडाचे चार स्क्रू काढले, काळा गाळ भळकन बाहेर आला. मी म्हटलं, "आता सुकवून चालू करून बघायचा का?" ते म्हणाले, "घाई करू नका बाई. आत्ता लाइट दिली तर जळंल. आधी धुवायचा." आणि मोटार त्यांनी चक्क नळाखाली धरली! गाळाचा कण आत राहिला तर तो सुकूनही ओल धरून ठेवतो, म्हणून आधी स्वच्छ पाण्याने धुणं. बाहेर पाऊस, ऊन नाही. मग पत्र्याच्या एका पेटीत शंभर वॉटचे दोन बल्ब लावून त्यांच्या उबेत मोटार दोन दिवस ठेवली. तिसऱ्या दिवशी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, तपासलं, ते चांगलं निघालं. फील्डची एक कॉइल गेली होती. ती त्यांनी माझ्यासमोर नव्याने गुंडाळली, वार्निश पाजलं, कार्बनची नवी जोडी घातली. सगळे मिळून साडेसहाशे रुपये झाले. आज सकाळी मी त्याच मिक्सरवर ओल्या नारळाची चटणी वाटली.

इंडक्शन तीन वर्षांचंच होतं. तेही त्यांनी उघडलं. आत एकच हिरवा बोर्ड आणि त्यावर बारीक बारीक काळे ठिपके. काही ठिकाणी तांब्यावर हिरवट थर चढला होता. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ह्यात माझं काम न्हाई, बाई. ह्यो बोर्डच बदलायला लागतोय." कंपनीच्या केंद्रात गेले. तिथल्या मुलाने नंबर टाइप केला आणि सांगितलं की ते मॉडेल बंद झालंय, बोर्ड येत नाही.

एकाच ओट्यावर, एकाच पाण्यात दोन वस्तू बुडाल्या. एकतीस वर्षांची परत आली आणि तीन वर्षांची भंगारात गेली. स्वयंपाकघरातल्या यंत्रांबद्दल माझं जे मत आहे ते त्या आठवड्यात तयार झालं आणि अजून बदललेलं नाही. यंत्र घेताना पहिला प्रश्न किमतीचा नाही, वॉटचाही नाही. हे बिघडलं तर माझ्या गावात कोण दुरुस्त करणार आणि त्याचा भाग किती वर्षं मिळणार, हा पहिला प्रश्न. तो आपण ग्राहक विचारत नाही, म्हणून खोक्यावर त्याचं उत्तर छापलेलं नसतं.

आमच्या आधीच्या बायकांना हा प्रश्न विचारावाच लागत नव्हता. पाटा गुळगुळीत झाला की टाकीवाली गल्लीतून हाक देत यायची आणि अंगणात बसून छिन्नी-हातोडीने त्याला टाके घालून द्यायची. पितळेला कल्हई करणारा भाता घेऊन यायचा. स्टोव्हची पिन आणि वॉशर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे आणि ते बदलायला घरातलं शाळकरी पोरही पुरायचं. वस्तू आणि तिची दुरुस्ती एकाच गावात नांदत होती. तो काळ परत यावा असं मला मुळीच वाटत नाही. पाट्यावर वाटण वाटून सासूबाईंचे खांदे कायमचे गेले होते, ते मी पाहिलं आहे. यंत्र हवंच. पण यंत्र आलं म्हणून दुरुस्ती गेलीच पाहिजे, असं कुठे लिहिलंय?

उलट आपल्याकडचा मिक्सर जन्मालाच आला तो दुरुस्तीच्या अडचणीतून. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे एक अभियंते होते. त्यांच्या पत्नीकडे जर्मन बनावटीचं यंत्र होतं. ते आपल्याकडच्या वाटणापुढे टिकलं नाही, आणि इथे त्याची दुरुस्ती होईना. तेव्हा त्यांनी सुकी हळद, मिरची आणि भिजवलेली डाळ असं सगळं झेपेल अशी दमदार मोटार घालून मिक्सर बनवला. तो सुमीत. माझा मिक्सर दुसऱ्या कंपनीचा, पण घडण त्याच वळणाची. बुडाला चार स्क्रू, आत ओळखू येणारे भाग, आणि प्रत्येक भाग सुटा मिळणारा.

पुरानंतर पंधरा दिवसांनी मी फ्रीज, इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह घ्यायला बाजारात गेले. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. काउंटरवरचा पोरगा सोबत आलेल्या माझ्या मुलाकडे बघून बोलत होता, वायफायवर चालतं, ॲपवर दिसतं. मुलाने मान माझ्याकडे वळवली. "स्वयंपाक आई करते, तिला सांग." हे त्याचं मला फार आवडलं. घरोघरी यंत्र निवडतो एक आणि वापरते दुसरी, असं चालतं. दिवाळीला नवरा किंवा मुलगा हौसेने काहीतरी मोठं आणतो, आणि त्याचं झाकण धुणं ज्या बाईला रोज सोसायचं असतं, तिला दुकानात कुणी नेलेलंच नसतं. जारचं पातं हाताने निघतं का, झाकणाच्या खाचेत वाटण अडकतं का, ओल्या हाताने बटण दाबलं जातं का, हे खोकं बंद असताना कळत नाही. खोकं उघडायला लावा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

सासूबाई तेव्हा शहाऐंशीच्या होत्या. सपाट काचेवरची स्पर्शाची बटणं त्यांना दिसत नव्हती, आणि त्यांच्या कोरड्या पडलेल्या बोटांना ती दादही देत नव्हती. सगळ्या सूचना इंग्रजीत. म्हणून मायक्रोवेव्ह मी दोन फिरत्या खुंट्यांचा घेतला, एक आचेची, एक मिनिटांची. घंटी वाजली की झालं. दुकानात तो सगळ्यात खाली, जवळजवळ लपवलेला होता. दूध कोमट करायला सासूबाई तो शेवटपर्यंत स्वतः वापरत होत्या. म्हाताऱ्या माणसाला मागून दूध घ्यावं लागणं आणि स्वतःचं स्वतः घेता येणं, यात केवढा फरक आहे ते ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी आठवून बघावं.

इंडक्शनसाठी मी शाळेतला जुना पट्टीचुंबक पर्समध्ये घेऊन फिरत होते. ज्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटतो तेच त्यावर तापतं. तांबं, पितळ, हिंडालियमची पातेली तशी तापत नाहीत, आणि स्टीलचीही काही चिकटतात, काही नाही. घरातली अकरा भांडी तपासली, पाच कामाची निघाली. शेगडीची किंमत धरताना या नव्या भांड्यांची किंमत कुणी धरत नाही. आणि दोन हजार वॉटची शेगडी साडेआठ-नऊ अँपिअर ओढते. तिला सोळा अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट लागतो. लहान सॉकेटला अडॅप्टर लावून ती चालवणाऱ्या कितीतरी घरांत मी प्लगच्या कडा पिवळ्या पडलेल्या पाहिल्या आहेत. ते पिवळेपण म्हणजे आगीची पूर्वसूचना आहे. आधी वायरमनला बोलवा, मग शेगडी आणा.

फ्रीजच्या बाबतीत मात्र मला आनंद झाला, कारण तिथे दारावरच लेबल होतं. तारे, आणि त्याखाली वर्षाला लागणारे युनिट छापलेले. ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ चा. त्यातून हे तारे आले, आणि २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रीजवर ते सक्तीचे झाले. दोन फ्रीजमध्ये वर्षाला पन्नास युनिटांचा फरक होता. आमच्या टप्प्यात युनिटला सगळे आकार धरून आठ रुपये पकडले, तर वर्षाचे चारशे. किमतीतला फरक अडीच हजारांचा, म्हणजे सव्वासहा वर्षांत तो फिटणार. हा हिशेब मी दुकानात उभ्या उभ्या केला, कारण आकडा समोर छापलेला होता. मग मी विचारलं, "हा फ्रीज सहा वर्षं टिकला आणि सातव्या वर्षी याचा बोर्ड गेला, तर मिळेल का?" माझा विद्यार्थी खरं बोलला. "बाई, ते मला नाही सांगता येणार. कंपनी आम्हालाही सांगत नाही." म्हणजे माझा सगळा हिशेब ज्या एका गोष्टीवर उभा, तीच गोष्ट लेबलावर नाही!

सहा वर्षं ही यंत्रं वापरून काही गोष्टी अंगवळणी पडल्या आहेत. मिक्सरच्या पट्टीवर 'तीस मिनिटं' असं काही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तीस मिनिटं सलग चालवा असा नाही. पाच मिनिटं चालवायचा, दोन मिनिटं थांबवायचा, असं आळीपाळीने. आतला पंखा मोटारीवरच असतो. जार ठासून भरला की मोटार हळू फिरते, पंखाही हळू फिरतो, आणि नेमकी उष्णता जास्त तेव्हाच वारा कमी पडतो. उन्हाळ्यात आमच्याकडे कांदा-लसूण चटणीचे दिवस आले की गल्लीत दोन तरी मिक्सर जळतात. ते काम मिरची कांडणाऱ्या डंकावर न्यावं. मिक्सर अचानक थांबला तर तो मेला असं समजू नये, बुडाखाली लाल बटण असतं, थंड झाल्यावर ते दाबावं. आणि मोटार गरगरते पण पातं फिरत नाही, असं झालं तर कपलर झिजलेला असतो. पातं अडकलं की आधी तो झिजावा आणि मोटार वाचावी, यासाठीच तो मऊ ठेवलेला असतो. ज्याने तो बनवला त्याने दुरुस्तीचा विचार आधी केला होता. वांग्याचं भरीत मात्र गॅसच्याच जाळावर. इंडक्शनवर वांगं भाजत नाही आणि फुलकाही फुगत नाही, त्यामुळे गॅस काढून टाकायचा विचार मी कधी केला नाही.

पुराने मला आणखी एक कसोटी दिली, जी पुण्या-मुंबईच्या सदनिकेत कुणाला सुचणार नाही. यंत्र मला एकटीला उचलून माडीवर नेता आलं पाहिजे. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. संध्याकाळी पुराच्या इशाऱ्याचा भोंगा झाला तेव्हा घरात मी एकटीच होते. मिक्सर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह असे तीन खेपांत वर नेले. फ्रीज आम्ही आधीच दगडी कट्ट्यावर चढवला होता, विजेचे स्विचबोर्ड सहा फुटांवर घेतले होते. पाणी गुडघ्याखालीच राहिलं, काही गेलं नाही. मुलगा दरवर्षी भांडी धुण्याचं यंत्र घेऊन द्यायचं म्हणतो. विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहणारी माझी मैत्रीण त्यावर फार खूश आहे, आणि तिच्या गुडघ्यांसाठी ते योग्यच आहे. माझ्या घरात त्याचं पंप-बोर्ड सगळं जमिनीलगत राहणार आणि ते मला हलवता येणार नाही, म्हणून मी नको म्हणते.

आता तक्रार. पुरानंतर घेतलेल्या इंडक्शनचा पंखा २०२२ मध्ये बंद पडला. पंखा म्हणजे हाताच्या तळव्यात मावेल एवढी चीज. पंखा नाही तर शेगडी तापते आणि स्वतःहून बंद होते. बाकी सगळं ठणठणीत. सेवा केंद्रात सांगितलं, पंखा सुटा मिळत नाही, बोर्डासकट घ्यावा लागेल, चौदाशे रुपये. नवी शेगडी तेवीसशेला. "त्यापेक्षा मॅडम, एक्सचेंजमध्ये नवीनच घ्या." मी शेगडी उचलली आणि मिरज रस्त्याला गेले. वायंडिंगवाल्यांच्या मुलाने जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा काढून त्याला हवं ते जुळवून बसवला. घेतले एकशे साठ रुपये. शेगडी आजही चालू आहे. मला राग येतो तो चौदाशे रुपयांचा नाही. एका पंख्यासाठी अख्खी शेगडी फेकायला मला सांगितलं गेलं, आणि सांगणाऱ्या मुलाला त्यात काही वावगं वाटलं नाही, याचा येतो. त्याला तसंच शिकवलेलं होतं.

'दुरुस्तीला घालायचे पैसे नव्यात घालावेत, तेच स्वस्त पडतं,' असं मला मुलासकट अनेकजण सांगतात. पण ते स्वस्त का पडतं, ते बघा. भाग मुद्दाम महाग किंवा दुर्मीळ ठेवले, झाकण स्क्रूऐवजी डिंकाने चिकटवलं, सर्किटचा नकाशा कारागिराला दिला नाही, तर दुरुस्ती महाग होणारच. ती महागाई बनवलेली आहे आणि ती मोडता येते. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापणं सक्तीचं केलं, दहापैकी किती. त्यात धुण्याची यंत्रं पहिल्यापासून होती, भांडी धुण्याची नंतर आली. युरोपीय संघाने त्याच वर्षी नियम लागू केला की फ्रीजचे ठरावीक भाग मॉडेल बाजारातून गेल्यावरही निदान सात वर्षं मिळाले पाहिजेत, आणि दाराचं रबर दहा वर्षं. आपल्याकडेही २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात घरगुती उपकरणंही धरली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं संकेतस्थळही सुरू केलं. पाऊल योग्य आहे. पण ज्या बाईला मिक्सर घ्यायचा आहे ती संकेतस्थळ बघत नाही, खोकं बघते. विजेचे तारे आपण दारावर चिकटवून घेतले ना? तसंच या खोक्यावर छापून घ्यायला हवं की भाग कोणत्या सालापर्यंत मिळतील, सुटे मिळतील का आणि कंपनीबाहेरच्या कारागिराला ते विकले जातील का. मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात. आणि जो शब्द दिला तो पाळला नाही, तर ग्राहक आयोगात दाद मागता आली पाहिजे.

इ-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून आले, त्यात स्वयंपाकघरातली लहान यंत्रंही आली. ही यंत्रं मेल्यावर त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारीही कंपनीवर आली, हे चांगलंच झालं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीतून ट्रॅक्टर भरभरून गेले, त्यातलं किती खरोखर मेलं होतं? माझा मिक्सरही त्या ढिगात असता. तो वाचवणाऱ्या वायंडिंगवाल्यांनी इलेक्ट्रिशियनचा आयटीआय केला, पंप शिकले, मग मिक्सर. त्यांच्या मुलाला बोर्ड शिकायचे आहेत, पण शिकण्यासाठी नकाशा हवा आणि कंपन्या तो देत नाहीत. हाताला काम मागणारी पोरं आयटीआयच्या दारात उभी आहेत आणि आम्ही त्यांचं काम कचऱ्यात टाकतो आहोत.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नात द्यायला मिक्सर घेतला. त्याच विद्यार्थ्याचं दुकान. साडेसातशे वॉट, तीन जार, बुडाला स्क्रू. मी नेहमीचा प्रश्न विचारला. या वेळी त्याने मला बसायला सांगितलं आणि वितरकाला फोन लावला. मग एका माणसाकडून दुसऱ्याकडे, असे तीन फोन. मी पाऊण तास बसले. शेवटी त्याने बिल उलटं केलं आणि मागच्या बाजूला पेनाने लिहिलं, 'जार बुश, कपलर, कार्बन, आर्मेचर सुटे मिळतील. सात वर्षे.' खाली सही केली, शिक्का मारला. म्हणाला, "बाई, तुमच्यामुळं मलाच कळलं." मी त्या बिलाची एक प्रत भाचीला दिली आणि मूळ बिल माडीवरच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, वरच्या फळीवर ठेवलं.